परक्या नगरांचे राजे

इ.स.पू. ४९४ मध्ये पर्शियन फौजांनी मिलेटस घेतलं. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचं हे श्रीमंत ग्रीक शहर. तिथले लोक आणि अथेन्सकर एकमेकांना एकाच रक्ताचे मानत. पाच वर्षांपूर्वी याच शहराच्या पुढाकाराने किनाऱ्यावरच्या ग्रीकांनी पर्शियन सम्राटाविरुद्ध बंड पुकारलं, तेव्हा अथेन्सने २० जहाजं मदतीला धाडली होती. ग्रीकांनी पर्शियनांचं सार्डिस शहर जाळलं, परतीच्या वाटेवर मार खाल्ला, आणि अथेन्सने अंग काढून घेतलं. नंतर कितीही निरोप आले तरी अथेन्स जागचं हललं नाही. मग मिलेटस पडलं. इतिहासकार हिरोडोटसच्या सांगण्यानुसार बहुतेक पुरुष मारले गेले, बायकामुलं गुलाम झाली आणि उरल्यासुरल्यांना सूसा या राजधानीत नेऊन पुढे टायग्रिसच्या मुखाशी वसवण्यात आलं.

या घटनेवर फ्रिनिकस नावाच्या नाटककाराने शोकांतिका लिहिली आणि अथेन्समध्ये ती सादर केली. सगळं प्रेक्षागृह रडलं. त्यानंतर नगराने फ्रिनिकसला १,००० द्राख्मा दंड ठोठावला आणि हे नाटक पुन्हा कोणीही करू नये असा हुकूम काढला. गुन्हा काय, तर त्याने लोकांना त्यांच्या घरच्या दुःखाची आठवण करून दिली. मला या निकालात दुःखापेक्षा अपराधी भावना जास्त दिसते. भाऊबंदांना वाऱ्यावर सोडून आलेल्या नगराला प्रेक्षागृहात बसवून त्याचा परिणाम दाखवला, तर ते दुसरं काय करणार? नाटकाची संहिता आज उरलेली नाही. उरली आहे ती दंडाची हकिकत.

पण नाटककार त्यातून एक धडा शिकले, आणि पुढची नव्वद वर्षं त्यांनी तो गिरवला. अथेन्सच्या रंगभूमीवर सत्तेबद्दल काहीही बोलता येतं. फक्त ती सत्ता अथेन्सची असता कामा नये. जुलमी राजा थीब्झचा असावा, नवऱ्याला मारणारी राणी आर्गोसची, हरलेला सम्राट पर्शियाचा. अथेन्सचा राजा थीसियस मंचावर आलाच तर निराश्रितांना आसरा देणारा, सभ्य, प्रजेचं ऐकणारा. मराठी वाचकाला ही युक्ती परकी वाटायचं कारण नाही. १९०७ साली खाडिलकरांनी ‘कीचकवध’ लिहिलं तेव्हा मंचावर विराटाचा दरबार होता आणि प्रेक्षकांना कीचकात माजी व्हाइसरॉय कर्झन दिसत होता. फरक एवढाच की खाडिलकरांच्या समोर परकी सत्ता होती. १९१० मध्ये तिने नाटकावर बंदी आणली. अथेन्समध्ये सत्ता प्रेक्षागृहातच बसलेली असे. नाटक तीच निवडे, त्याचा खर्च तीच उचलायला लावे आणि बक्षीसही तीच देई.

हा कारभार कसा चाले ते आधी पाहू. दर वसंतात, साधारण मार्चमध्ये, डायोनिसस देवाचा मोठा उत्सव भरे. वर्षाचा मुख्य अधिकारी, आर्कन, पदावर येताच तीन शोकांतिकाकारांना ‘कोरस’ (गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा ताफा) देई, म्हणजे नाटक करण्याची परवानगी देई. प्रत्येकाच्या वाट्याला तीन शोकांतिका आणि एक सॅटिर-नाट्य. कोरसच्या तालमींचा, पोशाखांचा, जेवणाखाण्याचा खर्च एकेका श्रीमंत नागरिकावर टाकला जाई. त्याला कोरेगॉस म्हणत. हाच नागरिक एखाद्या वर्षी युद्धनौका सज्ज करायचा खर्च उचले. नगराच्या हिशेबी दोन्ही सार्वजनिक सेवाच. पाचव्या शतकाच्या अखेरीस एका धनिकाने न्यायालयात आपण शोकांतिकेच्या कोरसवर ३,००० द्राख्मा खर्च केल्याचं सांगितलं होतं. तेव्हा कसबी कामगाराची दिवसाची मजुरी साधारण एक द्राख्मा होती. एवढा पैसा ओतून त्या धनिकाला काय मिळे? नाव मिळे, आणि अथेन्सच्या राजकारणात नावावाचून काही चालत नसे. परीक्षक मात्र चिठ्ठ्या टाकून निवडले जात, दहा जमातींतून एकेक, म्हणजे त्यांना आधी गाठता येऊ नये. उत्सव संपला की त्याच प्रेक्षागृहात नागरिकांची सभा भरे आणि आर्कनने उत्सव नीट पार पाडला की नाही याची झडती घेतली जाई.

या चौकटीत सत्तेचं पहिलं मोठं नाटक आलं ते इ.स.पू. ४७२ मध्ये. एस्किलस हा मॅरेथॉनच्या रणांगणावर लढलेला माणूस. पर्शियन जहाजाला धरून ठेवताना त्याचा भाऊ तिथेच हात तुटून मेला. पुढे ४८० मध्ये सलामिसच्या सामुद्रधुनीत पर्शियन आरमाराची दैना झाली आणि आठ वर्षांनी एस्किलसने ‘पर्शियन’ हे नाटक रचलं. त्याचा कोरेगॉस होता विशीतला एक तरुण, पेरिक्लिस.

विजयाचं नाटक म्हटलं तर त्यात ग्रीकांचा जयजयकार अपेक्षित. एस्किलसने मंच नेला तो थेट सूसाला, हरलेल्यांच्या घरात. म्हातारे दरबारी खबरीची वाट पाहत आहेत, राजमातेला वाईट स्वप्नं पडताहेत. दूत येतो आणि मेलेल्या सरदारांची नावं घेत सुटतो. ग्रीकांपैकी एकाचंही नाव नाटकात येत नाही. सलामिसचा शिल्पकार थेमिस्टोक्लिस याचंही नाही. त्याच सुमारास त्याच्याविरुद्ध वारं फिरलं होतं आणि लवकरच नगराने त्याला हद्दपार केलं. राजमाता विचारते की या अथेन्सवाल्यांचा धनी कोण? उत्तर येतं, ते कोणाचे गुलाम नाहीत. या जागी प्रेक्षकांची छाती फुगली असणार. पण नाटक तिथे थांबत नाही. मेलेला सम्राट दरायस थडग्यातून वर येतो आणि मुलाला दोष देतो: समुद्राला बेड्या घालायला निघालेल्या, देवळं लुटणाऱ्या सत्तेचं हेच होणार. शेवटी तो मुलगा, झर्क्सिस, फाटक्या वस्त्रांत आक्रोश करत येतो. मिलेटसच्या ग्रीकांसाठी रडवल्याबद्दल ज्या नगराने दंड केला होता, त्याच नगराने शत्रूचं रडणं पाहून पहिलं बक्षीस दिलं. त्या वेळी अथेन्सचं स्वतःचं आरमार एजियन समुद्रभर फिरत होतं. दरायसचा इशारा कोणाला लागू पडतो, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही.

सत्ताधाऱ्यांनी नाटकात थेट हात घातल्याचं एक उदाहरण चारच वर्षांनी घडलं, ४६८ मध्ये. सॉफोक्लिस हा नवखा तरुण आणि एस्किलस हा जुना जाणता अशी स्पर्धा होती. दोन तट इतके तापले की आर्कनने चिठ्ठ्या टाकण्याचा नाद सोडला. सेनापती किमॉन नुकताच विजय मिळवून परतला होता. तो आपल्या नऊ सहकारी सेनापतींसह देवाला अर्घ्य द्यायला प्रेक्षागृहात आला, तेव्हा आर्कनने या दहा जणांनाच शपथ देऊन परीक्षक म्हणून बसवलं. निकाल सॉफोक्लिसच्या बाजूने लागला. ही हकिकत चरित्रकार प्लुटार्कची, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षांनंतरची. पण सेनापतींनी नाटकाचा निवाडा करण्यात कोणालाही गैर वाटलं नाही, हे तिच्यातलं मोलाचं.

पुढच्या दशकात राजकारण रक्तापर्यंत गेलं. अ‍ॅरिओपॅगस ही निवृत्त आर्कनांची जुनी परिषद. तिचे सदस्य तहहयात, बहुतेक खानदानी. ४६२ च्या सुमारास एफियाल्टिस या नेत्याने तिचे राजकीय अधिकार काढून घेऊन लोकांच्या सभेला आणि न्यायालयांना दिले. परिषदेकडे खुनाचे खटले तेवढे उरले. किमॉन हद्दपार झाला, स्पार्टाशी जुनं सख्य तुटलं, स्पार्टाच्या वैऱ्याशी म्हणजे आर्गोसशी तह झाला. थोड्याच दिवसांत एफियाल्टिसचा खून झाला. नगर यादवीच्या तोंडाशी उभं होतं.

४५८ च्या वसंतात एस्किलसने ‘ऑरेस्टिया’ ही नाट्यत्रयी सादर केली. ट्रॉय जिंकून अ‍ॅगामेम्नॉन घरी येतो. राणी क्लिटेम्नेस्ट्रा त्याच्या पायाखाली जांभळी, भरजरी वस्त्रं अंथरते. असा मान देवांचा, हे त्याला कळतं, तरी तो त्यावरून चालत आत जातो आणि मारला जातो. ती दोघं बोलतात ती जागा सत्तेच्या दृष्टीने मला सबंध ग्रीक रंगभूमीतली सर्वांत सूक्ष्म वाटते. दहा वर्षं लढून आलेल्या सेनानीला राणी तलवारीने हरवत नाही. त्याच्या मोठेपणाच्या हौसेला हात घालते. मग मुलगा ऑरेस्टिस आईला मारतो. सूडदेवता त्याचा पाठलाग करतात. तिसऱ्या नाटकात सगळे अथेन्सला पोचतात, आणि अथीना देवी या खटल्यासाठी अ‍ॅरिओपॅगसच्या टेकडीवर नवं न्यायालय स्थापते. मतं समसमान पडतात. अथीनाच्या मताने ऑरेस्टिस सुटतो.

बारकावे पाहा. होमरचा अ‍ॅगामेम्नॉन मायसीनीचा राजा. एस्किलसने त्याला आर्गोसचा केला, आणि सुटलेला ऑरेस्टिस आर्गोस कायम अथेन्सच्या पाठीशी राहील अशी शपथ वाहून जातो. अथीनाने न्यायालयाला दिलेलं काम खुनाच्या खटल्याचं, म्हणजे एफियाल्टिसने शिल्लक ठेवलेलं तेच. त्यामुळे सुधारणावाद्यांना नाटक आपलं वाटलं असेल. पण अथीना त्याच न्यायालयाची थोरवी गाते, धाकाशिवाय नगर चालत नाही म्हणते, कायद्यात गढूळ पाणी मिसळू नका म्हणते. त्यामुळे परिषदेच्या बाजूचेही समाधानाने घरी गेले असतील. आणि खटल्यानंतर नाटक संपत नाही. हरलेल्या सूडदेवता नगराला शाप द्यायला उठतात. अथीना त्यांची मनधरणी करत राहते. तिच्या बापाच्या वज्राची कोठी कुठे आहे हे आपल्याला माहीत आहे, असंही ती ओझरतं सुचवते. पण शेवटी देते ती जागा, पूजा आणि मान. बहुमताने जिंकल्यावर हरलेल्यांचं काय करायचं, हा ४५८ मधल्या अथेन्सचा खराखुरा प्रश्न होता. अथेन्सबद्दल आणि अथेन्समध्येच एवढं स्पष्ट बोलणारी शोकांतिका क्वचित झाली. त्यासाठीही पात्रं देवलोकातून आणावी लागली. दोनेक वर्षांत एस्किलस सिसिलीतल्या गेला गावी वारला.

एव्हाना अथेन्सची सत्ता बदलली होती. पर्शियाविरुद्ध ४७८ मध्ये ग्रीक नगरांचा जो संघ झाला, त्याची पहिली वार्षिक वर्गणी इतिहासकार थ्युसिडिडीसच्या आकड्याप्रमाणे ४६० टॅलेंट (चांदी मोजण्याचं एक मोठं वजन) होती आणि खजिना डेलॉस बेटावर होता. ४५४ मध्ये तो अथेन्सला आला. वर्गणीची खंडणी झाली. बाहेर पडू पाहणाऱ्या नगरांवर आरमार चालून जाऊ लागलं. ही खंडणी भरायची वेळ ठरली डायोनिससच्या उत्सवाची, कारण तेव्हा समुद्र प्रवासाला खुला होई. मग नाटकांआधी काय चाले ते वक्ते आयसोक्रेटिस आणि एस्किनीस यांच्या भाषणांतून कळतं. सेनापती अर्घ्य देत. खंडणीतली शिल्लक चांदी टॅलेंट-टॅलेंटचे वाटे करून कोरसच्या नाचाच्या मोकळ्या जागेत मांडली जाई, अंकित नगरांचे प्रतिनिधी समोर बसलेले असताना. युद्धात बाप गमावलेली आणि नगराने पोसलेली मुलं वयात आली की त्यांना पूर्ण चिलखत देऊन याच जागेतून मिरवत आणत. हे आटोपलं की त्याच जागेत कोरस येई, आणि एखाद्या राजाचं गर्वाने कसं वाटोळं झालं ते गाऊ लागे.

या दोन दृश्यांमधली विसंगती अथेन्सकरांना बोचत होती का? सॉफोक्लिसच्या आयुष्याकडे पाहिलं तर ती त्यांनी सहज पचवली असं दिसतं. हा सबंध शतकातला सर्वांत यशस्वी नाटककार ४४३-४२ मध्ये संघाच्या खजिनदारांपैकी एक होता, म्हणजे ती चांदी त्याच्याच हाताखालून जात होती. ४४१ मध्ये तो पेरिक्लिसबरोबर सेनापती म्हणून निवडून आला. ‘अँटिगनी’ नाटक आवडलं म्हणून लोकांनी त्याला सेनापती केलं अशी दंतकथा प्राचीन काळीच रूढ होती. ती खरी असेल-नसेल. नाटक त्याच सुमाराचं.

‘अँटिगनी’ आज वाचताना आपण पहिल्या प्रवेशापासून तिच्या बाजूचे असतो. त्या दिवशीचा प्रेक्षक तसा नसावा. थीब्झवर परकी फौज घेऊन आलेल्या पॉलिनायसिसचं प्रेत पुरू नये, असा हुकूम राजा क्रिऑन काढतो. पॉलिनायसिसची बहीण अँटिगनी तो मोडते. फितुराला आपल्या मातीत जागा नाही, हा अथेन्सचाच कायदा होता. सलामिसचा वीर थेमिस्टोक्लिस पुढे पर्शियाच्या आश्रयाला गेला आणि तिकडेच मेला. त्याच्या नातलगांनी अस्थी गुपचूप आणून अ‍ॅटिकात पुरल्या असं लोक म्हणत, कारण उघडपणे ते करता येत नव्हतं. तेव्हा क्रिऑनचं पहिलं भाषण, नगर हेच आपलं तारू आणि नगराचा शत्रू तो आपला मित्र नव्हे, हे ऐकून बऱ्याच माना डोलल्या असतील. सॉफोक्लिस क्रिऑनला खलनायक म्हणून आणतच नाही. तो हळूहळू बिघडत जातो. हुकूम मोडल्याची बातमी येताच त्याला कुठेतरी पैसा चारला गेल्याचा वास येतो. पहारेकऱ्यावर संशय, पुढे आंधळ्या द्रष्ट्या टायरीसियसवरही तोच संशय. मुलगा हेमॉन अदबीने सांगतो की लोक अंधारात कुजबुजताहेत, तुमच्या तोंडावर कोणी बोलत नाही. बाप विचारतो, नगर मला शिकवणार का? एका माणसाच्या मालकीचं ते नगरच नव्हे, असं मुलगा म्हणतो तेव्हा क्रिऑनला काय म्हटलं गेलं तेच कळत नाही. कानावर काही पडेनासं झालेली सत्ता इतक्या टप्प्याटप्प्याने दाखवणारं दुसरं नाटक मला ठाऊक नाही.

यानंतरचा प्रसंग इतिहासातला आहे. सॅमॉस हे संघातलं बलाढ्य बेट. त्याचं मिलेटसशी प्रीनी नावाच्या गावावरून भांडण झालं. अथेन्सने मिलेटसची बाजू घेतली, सॅमॉसने बंड केलं. पेरिक्लिस आणि त्याचे सहकारी आरमार घेऊन गेले. त्यांत सॉफोक्लिसही होता. कीऑस बेटावरच्या एका मेजवानीत त्याने गंमत केली होती की पेरिक्लिसच्या मते मला काव्य कळतं, डावपेच कळत नाहीत. नवव्या महिन्यात सॅमॉस शरण आलं. तटबंदी पाडली, जहाजं घेतली, ओलीस नेले, युद्धाचा खर्च हप्त्यांनी वसूल करायचं ठरलं. सॅमॉसचाच एक इतिहासकार ड्यूरिस सांगतो की पेरिक्लिसने तिथल्या नौकाधिपतींना मिलेटसच्या चौकात फळ्यांना बांधून दहा दिवस ठेवलं, मग डोकी फोडून प्रेतं न पुरता टाकून दिली. प्लुटार्कचा यावर विश्वास नाही, थ्युसिडिडीस असं काही लिहीत नाही, आणि ड्यूरिसला आपल्या बेटाची कैफियत मांडायची होती. पण अथेन्सला बदनाम करायचं तर न पुरलेल्या प्रेतांचा आरोप करावा, हे त्यालाही सुचलं.

विजयानंतर पेरिक्लिसने मृत सैनिकांसाठी भाषण केलं. बायका त्याला हार घालत होत्या. तेव्हा किमॉनची म्हातारी बहीण एल्पिनिकी पुढे आली. माझ्या भावाने पर्शियनांशी लढताना माणसं गमावली, तू आपल्याच सग्यासोयऱ्यांचं नगर बुडवण्यासाठी गमावलीस, असं ती सर्वांदेखत म्हणाली. पेरिक्लिसने हसून जुन्या कवीचा एक चरण ऐकवला. अर्थ असा की म्हातारपणी अत्तर लावू नये.

४३१ मध्ये स्पार्टाशी युद्ध पेटलं, पुढच्या वर्षी तटाच्या आत कोंडलेल्या अथेन्समध्ये साथ आली. लोकांनी पेरिक्लिसला पदावरून काढलं, दंड केला, पुन्हा निवडलं. ४२९ मध्ये तो साथीतच गेला. सॉफोक्लिसचं ‘राजा ईडिपस’ बहुतेक अभ्यासक यानंतरच्या वर्षांत ठेवतात. पु. ल. देशपांड्यांनी ‘राजा ओयदिपौस’ म्हणून मराठीत आणलं ते हेच. पडदा उघडतो तो साथीने गांजलेल्या थीब्झमध्ये; सर्वांत हुशार, सर्वांत कर्तबगार राजा कारण शोधायला निघतो आणि ते त्याच्यापाशीच येऊन थांबतं. सॉफोक्लिसने पेरिक्लिसचं नाव घेतलं नाही. घेण्याची गरजही नव्हती.

नाव घेतल्यावर काय होतं ते विनोदी नाटककारांना विचारावं. ४२६ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसने याच उत्सवात ‘बॅबिलोनियन’ सादर केलं. पेरिक्लिसनंतर पुढारी झालेल्या क्लिऑनने त्याला परिषदेपुढे खेचलं. तक्रार अशी की परक्यांच्या देखत नगराची नालस्ती केली. पुढच्या वर्षी अ‍ॅरिस्टोफेनिसने दुसऱ्या, हिवाळी उत्सवात नाटक आणलं आणि पात्राच्या तोंडून बजावलं की आज आपण घरचेच आहोत, परके आलेले नाहीत. त्याच सुमारास अंकित नगरांवरची खंडणी १,४०० टॅलेंटच्या वर नेऊन ठेवणारा ठराव झाला.

आता मेलॉस. हे छोटं बेट, स्पार्टाच्या वंशाचं, युद्धात तटस्थ. ४१६ मध्ये अथेन्सने त्याला वेढा घातला आणि हिवाळ्यात ते पडलं. हाती लागलेले वयात आलेले पुरुष ठार मारले, बायकामुलं विकली, नंतर ५०० वसाहतकरी पाठवले. पुढच्याच मार्चमध्ये, ४१५ साली, नाटककार युरिपिडीसचं ‘ट्रोजन स्त्रिया’ मंचावर आलं. जळक्या ट्रॉयपुढे विधवा बसल्या आहेत, कोण कोणाच्या वाट्याला जाणार याच्या चिठ्ठ्या निघताहेत. मेलेल्या ट्रोजन वीर हेक्टरचं लहान मूल उद्या मोठं होईल या भीतीने तटावरून फेकलं जातं आणि बापाच्या ढालीत पुरलं जातं. जेते मुलांना घाबरतात, असं त्या मुलाची आजी म्हणते.

हे मेलॉसवरचं नाटक असं सर्रास म्हटलं जातं. कालक्रम पाहता जरा जपून बोलावं. नाटककाराला कोरस आदल्या उन्हाळ्यात मिळत असे, आणि मेलॉस पडलं तेव्हा तालमी चालू झालेल्या असणार. शिवाय अथेन्सकरांना मेलॉसची वाट पाहायचं कारण नव्हतं. सहा वर्षांपूर्वी स्किओनी नगराचं त्यांनी अगदी हेच केलं होतं. प्रेक्षकांत असे कितीतरी पुरुष बसले असतील ज्यांनी सभेत हात वर केले होते, काहींनी तलवारही चालवली होती. युरिपिडीसचा तिखटपणा दुसऱ्याच एका जागी दिसतो: आपली रवानगी कुठे होईल याचा अंदाज घेताना बंदिवान बायका म्हणतात, निदान थीसियसच्या त्या भाग्यवान देशी जायला मिळो. म्हणजे अथेन्सला. मग त्या आणखी काही ठिकाणांची नावं घेतात. त्यांत एटनाचा देश, सिसिली, आहे. त्याच वसंतात अथेन्सच्या सभेने सिसिलीवर मोहीम काढायचा ठराव केला. नाटकाच्या सुरुवातीलाच अथीना आणि समुद्रदेव पोसायडन घराकडे निघालेलं विजयी आरमार बुडवण्याचा बेत करतात, हे कोणी मनावर घेतलं नाही. युरिपिडीसला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं झेनोक्लिस नावाच्या माणसाला, ज्याचं आज एकही नाटक शिल्लक नाही.

सिसिलीकडे १३४ युद्धनौका गेल्या, दोन वर्षांनी आणखी ७३ पाठवल्या. ४१३ मध्ये सगळं संपलं. किमान ७,००० माणसं कैद होऊन सिराक्यूजच्या दगडाच्या खाणींत कोंडली गेली. प्लुटार्क सांगतो की काही जण युरिपिडीसची पदं म्हणून दाखवून सुटले, कारण सिसिलीकरांना त्याचं वेड होतं, आणि घरी परतल्यावर ते त्याचे आभार मानायला गेले.

या धक्क्यानंतर लोकसत्तेचाच लोकांना भरवसा वाटेना. कारभाराला लगाम हवा म्हणून दहा वयस्कर सल्लागार नेमले. त्यांत सॉफोक्लिस होता, ऐंशीच्या घरातला. (तो हाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात.) ४११ मध्ये सभा शहराबाहेर कोलोनसला, सॉफोक्लिसच्याच जन्मगावी बोलावली गेली आणि तिच्याकडूनच लोकसत्ता गुंडाळण्याचा ठराव करून घेऊन चारशे जणांच्या हाती कारभार दिला गेला. अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवलं आहे की पुढे सॉफोक्लिसला विचारलं गेलं, तू याला संमती दिलीस? दिली. ते वाईट होतं ना? होतं. मग? दुसरा बरा मार्ग नव्हता. क्रिऑन लिहिणाऱ्याचं हे उत्तर. मी त्याला दोष द्यायला धजत नाही, पण ते वाचून अस्वस्थ होतो.

चारशेंची राजवट काही महिन्यांत कोसळली. त्यांच्यातल्या एका म्होरक्याचा भर चौकाजवळ खून झाला. योगायोगाने त्याचंही नाव फ्रिनिकस. त्याला मारण्याबद्दल थ्रॅसिब्युलस या परदेशी माणसाला सोन्याचा मुकुट द्यावा आणि त्याची घोषणा डायोनिससच्या उत्सवात व्हावी, असा ठराव दगडावर कोरलेला सापडला आहे. हा ४०९ चा उत्सव. त्याच उत्सवात सॉफोक्लिसचं ‘फिलॉक्टिटिस’ होतं: मुरब्बी ओडिसियस एका सरळ तरुणाला सांगतो की काम होईपर्यंत एक दिवस लाज बाजूला ठेव, मग आयुष्यभर सज्जन म्हणून मिरव. तरुण ऐकतो, फिलॉक्टिटिसला फसवतो, आणि मग फसवून मिळवलेलं धनुष्य परत देतो. सॉफोक्लिसला पहिलं बक्षीस मिळालं.

युरिपिडीस मॅसिडोनियाच्या राजाकडे निघून गेला होता. ४०६ मध्ये तिकडून त्याच्या मृत्यूची बातमी आली. सॉफोक्लिसही वर्षभरात गेला. ४०५ मध्ये अथेन्सचं आरमार शत्रूच्या हाती पडलं, ४०४ मध्ये अथेन्स शरण आलं. थीब्झ आणि कॉरिंथ या नगरांचं म्हणणं होतं की अथेन्स जमीनदोस्त करून माणसं गुलाम म्हणून विकावी, म्हणजे मेलॉसचंच माप. प्लुटार्कच्या हकिकतीनुसार सेनानींच्या मेजवानीत फोकिसच्या एका माणसाने युरिपिडीसच्या ‘इलेक्ट्रा’तलं कोरसचं पहिलं गीत गायलं आणि ऐकणाऱ्यांची मनं द्रवली. झेनोफन हा त्या पिढीचा साक्षीदार. तो कारण देतो ते कोरडं आहे: पर्शियन संकटात ग्रीसला वाचवणारं नगर आपण विकणार नाही, असं स्पार्टाने ठरवलं. थीब्झ फार बलवान होऊ नये हा हिशेबही त्यामागे असावा. मला झेनोफन पटतो. पण प्लुटार्कची गोष्ट लोकांना सांगावीशी वाटली, यावरून या नाटकांची पुढची वाट कळते.

खंडणी गेली, आरमार गेलं, मांडायला चांदी उरली नाही, नाटकं उरली. ३८६ मध्ये उत्सवात प्रथमच एक जुनी शोकांतिका पुन्हा सादर झाली. ३४३ मध्ये वक्ता डेमॉस्थेनिसने आपला प्रतिस्पर्धी एस्किनीस याच्यावर फितुरीचा खटला भरला. एस्किनीस पूर्वी नट होता आणि क्रिऑनची भूमिका करत असे. डेमॉस्थेनिसने न्यायालयात क्रिऑनचं ते पहिलं भाषण वाचायला लावलं आणि म्हटलं, हे शब्द याने कितीदा म्हटले, पण आचरणात आणले नाहीत. थीब्झच्या हट्टी राजाचं भाषण आता अथेन्सच्या न्यायालयात देशभक्तीचा दाखला म्हणून चालत होतं. पुढे त्या राजाचं काय झालं ते डेमॉस्थेनिसने वाचायला लावलं नाही. आणखी काही वर्षांनी लायकर्गस या नेत्याने एस्किलस, सॉफोक्लिस आणि युरिपिडीस या तिन्ही नाटककारांचे ब्राँझचे पुतळे उभारायला लावले आणि त्यांच्या नाटकांच्या अधिकृत प्रती सरकारी दप्तरात ठेवल्या. प्रयोगाच्या वेळी नगराचा कारकून प्रत ताडून पाही. नटांना त्यापलीकडे एक शब्दही म्हणायची कायद्याने मनाई होती.

त्या प्रती इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याने अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयासाठी उसन्या मागितल्या. अथेन्सने १५ टॅलेंट चांदी अनामत घेतली. टॉलेमीने उत्तम पपायरसवर सुरेख नकला करवून घेतल्या, त्या अथेन्सला पाठवल्या, मूळ प्रती ठेवून घेतल्या, आणि अनामत तुम्हीच ठेवा असं कळवलं. अथेन्सने ती ठेवली.